बॅच बहात्तरची, तोरा बाविशीचा!

काय चाललंय काय हे? वय वर्षं पंचाहत्तर, तोंडात कवळी, खिशात रक्तदाबाच्या गोळ्या, आणि पहाटे सव्वापाचला मोबाइलवर टकटक : ‘मित्रांनो, कळवण्यास अत्यंत आनंद होतो की…’ अहो, या वयात माणसाने निमूट प्राणायाम करावा, पेपर चाळावा, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडावं, आणि आमटीत मीठ कमी पडलंय एवढंच काय ते जगाला कळवावं. हे काय कळवत सुटलेत? आणि कोणाला? तर पन्नास वर्षांपूर्वी ज्यांच्याशी शेवटचं बोलणं ‘नोट्स परत दे’ एवढंच झालं होतं, त्यांना!

साथच आलीय साथ. डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंत आणि नाशिकच्या कॉलेज रोडपासून न्यू जर्सीतल्या एडिसनपर्यंत एक घर सुटलेलं नाही. प्रत्येक घरात एक तरी आजोबा ‘बॅच’वाले. बॅच म्हणजे तरी काय, तर एका साली एका विद्यापीठातून पास झालेली, किंवा होता होता राहिलेली मंडळी. एवढ्याशा भांडवलावर केवढ्या उड्या! त्यात बहात्तरवाले स्वतःला ‘दुष्काळाची बॅच’ म्हणवतात, आणि असं ऐटीत सांगतात, जणू यांची परीक्षा आटपेपर्यंत पाऊस गेटाबाहेर थांबला होता. प्रत्येकाने म्हणे तेव्हा मिलो खाल्ली. अमेरिकेहून आलेली ती लाल ज्वारी सरकारने रेशनवर जेवढी वाटली नसेल, तेवढी या ग्रुपवर खाऊन झालीय. ज्यांच्या वडिलांची सराफ कट्ट्यावर पेढी होती, तेही डोळे पुसत मिलोच खातात!

आणि काय काय कळवतात! पूर्वी बढती कळवायचे, मग फ्लॅट, मग मुलाची अमेरिका. ते सगळं संपलं. आता पाळी अवयवांची. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ही म्हण आपण नुसती ऐकून होतो; इथे बाशिंग खरंच गुडघ्याला बांधतात. एका काकांनी दोन्ही गुडघे बदलून घेतले. ठीक आहे, घ्या. पण एक्स-रे ग्रुपवर? शिवाय सांध्याची कंपनी, हमी किती वर्षांची, विम्याने किती दिले, आणि चौथ्या दिवशी जिना चढतानाचा व्हिडिओ, मागे तुतारी. खाली त्रेसष्ट जणांचे हात जोडलेले. तेवढ्यात दुसऱ्याने टाकलंच : ‘अभिनंदन. माझे जर्मन आहेत.’ झालं! तिथून जी जुंपली, ती थेट स्टेंटांच्या संख्येवर गेली. ज्याला एकही स्टेंट नाही तो बिचारा ‘माझी अँजिओग्राफी नॉर्मल आली’ असं ओशाळून लिहितो, जणू पुरवणी परीक्षेलाही बसू दिलं नाही.

वाढदिवसांचं तर विचारूच नका. पंचाहत्तरीला अमृतमहोत्सव करून आटपावं की नाही? पण आता डोळा सहस्रचंद्रदर्शनावर. त्यावरून एका बॅचमध्ये आठवडाभर रण माजलं. भटजी म्हणाले ८१वं लागलं की करा. गणिताचे निवृत्त प्राध्यापक उखडले. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस आणि वर थोडे, त्याला हजाराने गुणा, म्हणजे ८० वर्षं आणि सुमारे १० महिने. त्याआधी चांदीची निरांजनं ओवाळून घेणं ही शुद्ध कॉपी आहे! त्यावर एका भूगोलवाल्याने विचारलं, पावसाळ्यात ढगांमुळे न दिसलेले चंद्र धरायचे की वजा करायचे? प्राध्यापक ग्रुप सोडून गेले. संध्याकाळी परत आले. सगळेच परत येतात. जाणार कुठे?

श्रद्धांजलीतही पहिला नंबर हवा, हे मात्र अतिच झालं हं! कोणाचं काही कळलं रे कळलं की पंधरा सेकंदांत ‘भावपूर्ण’. खात्री करायची कोणी? एकदा एका गृहस्थांना अशा एकेचाळीस श्रद्धांजल्या पडल्या. बेचाळिसावा मेसेज त्यांचा स्वतःचा : ‘आभारी आहे. गेला तो माझा चुलतभाऊ. मी चहा घेतोय.’ कोणी शरमलं का? छे! ‘शतायुषी व्हा’चे एकेचाळीस मेसेज लगेच पडले, आणि गृहस्थांनी दोन्ही संच जपून ठेवलेत. कोण काय म्हणालं, कोण काहीच म्हणालं नाही, याची वही घातलीय म्हणे.

यांना हे वळण लावलं कोणी? दोष द्यायचा तर मुळापासून द्यावा लागेल. मुंबई विद्यापीठ १८५७चं. त्याची बी. ए.ची पहिली तुकडी १८६२ची, आणि तीत माणसं किती? चार! महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक. चौघांचा ग्रुप, बोला आता! त्यात कोण सुप्रभातची गुलाबं टाकणार? आणि खबरबात तरी कसली द्यायची? ‘हायकोर्टाचा न्यायमूर्ती झालो’, इति रानडे. ‘आपल्याच विद्यापीठाचा कुलगुरू झालो’, इति भांडारकर. यापुढे कोणी ‘नवीन मिक्सर घेतला’ असं लिहिण्याची हिंमत करील? भांडारकरांनी तर कहर केला. माणसाच्या ऐंशीव्या वाढदिवसाला केक कापतात. यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ला, पुण्यात यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्थाच निघाली! आणि यांनी स्वतःचा ग्रंथसंग्रह तिला देऊन टाकला. अशी उदाहरणं घालून दिल्यावर आपल्या नानांनी हॉटेलात सुरळीच्या वड्या खाऊन ऐंशी साजरी करावी तर लाज वाटणारच.

महर्षी कर्वे तर विचारायलाच नकोत. पदवी १८८४ची, गणितात. एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ साली, हे गृहस्थ जगप्रवासाला निघाले : इंग्लंड, जिनिव्हा, डेन्मार्क, अमेरिका, जपान. परत येऊन बसतील तर शपथ. लगेच आफ्रिका! तीही सव्वा वर्षभर, आणि जागोजागी मुलींच्या शिक्षणासाठी पैसे गोळा करत. आपल्याकडचे काका सात दिवसांत अकरा युरोपीय शहरं पाहून येतात नि तीन महिने स्वित्झर्लंडच्या गाई ग्रुपवर चरायला सोडतात. कर्व्यांना १९५७मध्ये त्यांच्याच मुंबई विद्यापीठाने डॉक्टरेट दिली, म्हणजे पदवीनंतर ७३ वर्षांनी. पुढच्याच वर्षी, शंभराव्या वर्षी, भारतरत्न. आता सांगा, आपल्या बॅचवाल्यांनी पंचाहत्तरीत आशा सोडावी तरी का? ‘माझ्या हातात अजून पंचवीस वर्षं आहेत,’ असं एका काकांनी काकूंना सुनावलंय. काकू मटकन खाली बसल्या.

त्यात बाहेरच्या बातम्या आगीत तेल ओततात. पाटण्याच्या राजकुमार वैश्य यांनी १९३८ला पदवी घेतली होती, आणि २०१७ला, नव्वदी कधीच मागे टाकून, अर्थशास्त्रात एम. ए. केलं. ओडिशातले निवृत्त बँक कर्मचारी जयकिशोर प्रधान २०२०मध्ये ६४व्या वर्षी ‘नीट’ परीक्षा पास होऊन एमबीबीएसच्या वर्गात बसले. या दोन बातम्या आपल्याकडच्या प्रत्येक ग्रुपवर दर पंधरवड्याला ‘ताजी बातमी’ म्हणून येतात. परिणाम? तीन निवृत्त मॅनेजर, एक माजी उपअभियंता आणि एक दाताचे डॉक्टर एकदम मुक्त विद्यापीठाचे फॉर्म आणायला पळाले. एकाने तर पीएच. डी.चं मनावर घेतलंय. मार्गदर्शक मिळाले, त्यांचं वय एकोणचाळीस. काका त्यांना ‘सर’ म्हणतात आणि मागे आपल्याला सांगतात, ‘पोरगं हुशार आहे, पण त्याला बहात्तरचा दुष्काळ माहीत नाही.’ पुणे विद्यापीठाचं नाव २०१४मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, तेव्हा याच काकांनी जुनी पदवी बदलून नव्या नावाची मिळेल का, याची चौकशी केली होती. भिंतीवर दोन्ही लावायच्या होत्या!

बायका मागे राहतील? नाव नको! काकूंनी आधी वर्षभर नाकं मुरडली : ‘यांना काही उद्योग नाही.’ मग हळूच कळलं की काकूंचा स्वतःचा ग्रुप आहे, तो काकांच्या आधीचा आहे, आणि त्यात नवऱ्यांची खरी मार्कं चर्चेला असतात. काकांचे गुडघे तिथे दोन दिवस आधीच जाहीर झाले होते. शिक्षणाची एक बातमी त्यांच्याकडेही फिरते : मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथे योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा काढली. साठी-सत्तरीच्या आज्या गुलाबी लुगड्यांत पाटी-दप्तर घेऊन बाराखडी गिरवायला बसल्या. त्या फोटोंवर काकूंच्या ग्रुपने काय ठराव केला असेल? शिक्षणाचा? छे! पुढच्या स्नेहमेळाव्याला सगळ्यांनी गुलाबी.

आता पैशाची गोष्ट. २०२३च्या जूनमध्ये नंदन निलेकणींनी पवईच्या आयआयटीला ३१५ कोटी दिले; तिथे पाऊल टाकलं त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून. २०२५मध्ये मुकेश अंबानींनी माटुंग्याच्या आपल्या जुन्या यूडीसीटीला, म्हणजे आजच्या आयसीटीला, १५१ कोटी जाहीर केले. का, तर प्राध्यापक मनमोहन शर्मा सरांनी सांगितलं म्हणून. गुरुदक्षिणा! हे वाचून आपल्या बहात्तरच्या बॅचचं रक्त सळसळलं. ‘आपणही कॉलेजला काही दिलं पाहिजे.’ दिलं पाहिजेच! काय द्यायचं? पाण्याचा कूलर. किती जमले? डोकी चौऱ्याऐंशी, माणशी पाचशे ठरले, आणि त्यावर जी चर्चा झाली तिचे मेसेज छापले तर कूलरची किंमत कागदातच जाईल. पाचशे जास्त होतात. पाचशे कमी दिसतात. पाटीवर नावं वर्णानुक्रमाने की रकमेनुसार? मृत सभासदांची नावं घालायची का, आणि घालायची तर त्यांचे पाचशे कोणी भरायचे? कूलर अखेर बसला. त्यावरची पाटी कूलरपेक्षा मोठी आहे. पाणी पिणारी पोरं ओणवी होतात ती नावं वाचायला नव्हे, पाटीखालचा नळ सापडत नाही म्हणून!

पण खरी बहार आली ती वांगणीत. या बॅचमध्ये जव्हार-मोखाड्याकडच्या वांगणीचे एक गुरुजी आहेत. त्या काळी त्या डोंगरातून कॉलेजला जायचं म्हणजे एसटीने मोखाडा, त्र्यंबक करत नाशिक गाठायचं आणि वसतिगृहात राहायचं. गुरुजींनी ते केलं, पदवी घेतली, आणि सगळे मुंबई-पुण्याला पळाले तेव्हा हे उलट्या गाडीने परत गेले. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभा जन्म काढला. ग्रुपवर त्यांना कोणीतरी घातलं, आणि हे आपले वर्षभर गप्प. मोकळं माळरान गाठून एका ठरावीक खडकावर उभं राहिलं तर रेंज येते. गुरुजी पावसाळ्यात फोन दुधाच्या पिशवीत गुंडाळून तिथवर जायचे, पिशवीतूनच अंगठा फिरवून सगळ्यांचे गुडघे बघायचे, आणि पिशवीला गाठ मारून परत.

मग एका उन्हाळ्यात परिचय-पुस्तिकेचं फर्मान निघालं. प्रत्येकाने आपला जीवनपट दीडशे शब्दांत पाठवावा. एका माजी सहसचिवांनी अकरा पानं पाठवली, त्यातली अडीच फक्त बदल्यांची. एका उद्योजकांनी आपलं कर्तृत्व तृतीयपुरुषी लिहून घेतलं होतं, ‘लहानपणापासूनच ते दूरदृष्टीचे होते’ वगैरे, आणि खाली ‘शब्दांकन : सून’ हे खोडायचं राहिलं. गुरुजींनी दोन फोटो पाठवले. एकात टोपलीभर मोगऱ्याच्या कळ्या. जव्हारकडे आता बरेच जण मोगरा लावतात. उमलायच्या आत, भल्या पहाटे खुडायचा आणि नाशिक-दादरच्या बाजारात धाडायचा. दुसऱ्या फोटोत वहीचं एक पान : आपल्या हाताखालून गेलेल्या पोरांची यादी. नर्स दोन, ग्रामसेवक तीन, तलाठी एक, पोलीस चार, शिक्षक कितीतरी, आणि शेवटी ‘बाकी सर्व शेतावर, बरे आहेत’.

ग्रुप गार! अर्धा तास एक अक्षर नाही. सहसचिवांनी अकरा पानांचं तीन पानांवर आणायला घेतलं म्हणतात. आणि मग फुटला बांध. जो तो गुरुजींचा सर्वांत जुना मित्र. वसतिगृहात कोणी त्यांच्याबरोबर एका ताटात जेवलेलं, कोणी त्यांना सायकल शिकवलेली. ज्यांनी तेव्हा त्यांचं नाव धड विचारलं नव्हतं, त्यांच्याही डोळ्यांना धार. ठराव पास : पुढचं संमेलन गुरुजींच्या अंगणात, वांगणीला!

तारीख ठरली, फेटे ठरले, आणि निम्मी बॅच सकाळच्या कर्जत लोकलने बदलापूर ओलांडून वांगणी स्टेशनला उतरली. अहो, त्या वांगणीला कोण गेलं? मध्ये अख्खा भिवंडी-वाडा-विक्रमगड! पण नकाशा कोण बघणार. ‘मला माहीत आहे’ म्हणणारे सगळे माजी वर्गप्रमुख. प्लॅटफॉर्मवर केशरी फेटे घालून तीसेक म्हातारे गुरुजींचं घर विचारत फिरताहेत, हे दृश्य पाहायला आपण नव्हतो, हीच हळहळ. दोन गाड्या करून मंडळी दुपारी तीनला खऱ्या वांगणीत पोचली. गुरुजींकडे नागलीच्या भाकऱ्या, उडदाचं वरण, लसणाची चटणी. सकाळी सातला इसबगोल घेऊन निघालेल्यांनी किती भाकऱ्या हाणल्या ते यजमानांनी सांगितलं नाही, सुनेने सांगितलं.

मग जव्हारचा जयविलास राजवाडा झाला, सनसेट पॉइंट झाला, दाभोशाच्या धबधब्याकडे जायचा बेत गुडघ्यांनी नामंजूर केला. रात्री गुरुजींनी बोहाड्याचं सांगितलं. त्या पट्ट्यातला हा सोंगांचा उत्सव. संबळ वाजतो, मुखवटे नाचत येतात, आणि कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. आपला ग्रुप म्हणजे तोच बोहाडा नाही तर काय? आजारपणाचं सोंग एका घराकडे, परदेशाचं दुसऱ्याकडे, ‘मला प्रसिद्धी आवडत नाही’ हे तिसऱ्याकडे, आणि शेवटचं तर मारामारी करून मिळवलेलं!

आणि गुरुजी? तेच तर सांगायचंय, साधा माणूस बिघडला हो! त्या भेटीनंतर नातवाने खडकावर फोनसाठी तिपाई उभी करून दिलीय. आता पहाटे खुडणी सुरू व्हायच्या आधी ‘वांगणीहून सुप्रभात’. मोगऱ्याचा आजचा भाव, दाभोशाला पाणी किती, नागलीचा कोंब, शेळीला झालेली जुळी. सहसचिवांच्या नातवाला अमेरिकेत कसलीशी शिष्यवृत्ती मिळाली, त्यावर अकरा अंगठे. शेळीच्या जुळ्यांवर अठ्ठ्याहत्तर! सहसचिव आजकाल नाशिकजवळ अर्धा एकर बघताहेत. शेळ्या कुठे मिळतात, हेही विचारून झालंय.

गुरुजींच्याच जिल्ह्यातल्या कोसबाडच्या अनुताई वाघ. आदिवासी पोरांच्या बालवाड्या सांभाळता सांभाळता पन्नाशी उलटल्यावर बी. ए. झाल्या. त्यांनी कोणाला कळवलं असेल? दुसऱ्या दिवशी बालवाडीत गेल्या असतील, दुसरं काय! हे उदाहरण कोणीतरी ग्रुपवर टाकलं, खाली ‘यातून आपण नम्रता शिकावी’ असं लिहून. त्यावर सर्वांत नम्र कोण याची जी चढाओढ लागली, ती अजून मिटलेली नाही.

आपण मेलो हसून हसून! कारण आपण यातले नाही. आपण फक्त बाबांचा फोन चार्जिंगला लावताना सहज नजर टाकतो. सहज म्हणजे रोज. सहसचिवांच्या शेतजमिनीचं पुढे काय झालं हे आपल्याला बाबांच्या आधी कळतं, आणि मालिका बुडाली तरी चालेल पण स्टेंटांची लढाई बुडता कामा नये. आपल्या कॉलेजचा ग्रुप? आहे एक. म्यूट केलाय. म्हणजे आवाज म्यूट केलाय, वाचतो. त्यावर परवा कोणीसं टाकलं, ‘जीवनपट पाठवा, दीडशे शब्द’. आपण काही लिहिलं नाही हं. सहज म्हणून मोजून बघितले, चारशे दहा झाले. बढतीचं काढलं तर तीनशेवर येतात, पण मग उरतं काय? आणि तो जुना फोटो, केस असतानाचा, चालेल ना? तेव्हाचं कोणी बघितलंय कुठे नीट!

पुढच्या संमेलनाचं ठिकाण ठरायचंय. एक गट महाबळेश्वर म्हणतोय, दुसरा गुरुजींकडेच, या वेळी गावाच्या नावापुढे तालुका आणि जिल्हा जाड अक्षरांत छापून. आपण काय, बघायला म्हणून जाऊ. फेट्याचा रंग तेवढा कळवून ठेवलाय.